एकाच वेळी तीन पुस्तकं: पोथी, गोष्ट आणि पाण्याच्या दिवसाचं पुस्तक

आमच्या जुळे सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, इथल्यांना नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी पहाटे तर कधी रात्री अकराला, आणि एकदा आलं की मोटर लावून टाकी, पिंप, बादल्या, शेवटी कळशासुद्धा भरेपर्यंत तासभर दुसरं काही सुचत नाही, झोपायची तर सोयच नाही. माझं एकाच वेळी अनेक पुस्तकं वाचणं इथून सुरू झालं. पोथी देवघरात, ती ओल्या जिन्यात नेणं शक्य नाही. कादंबरी उशाशी, आणि खोलीतला लाईट लावला की नवरा कूस बदलतो. म्हणून मोटरच्या बटणाच्या वरच्या फळीवर एक जुना दिवाळी अंक ठेवला, पाणी आलं की तो काढायचा. दोन वर्षांनी लक्षात आलं की आपण तीन पुस्तकं बरोबरीने वाचतोय आणि एकही अर्धवट सुटलेलं नाही.

आता ऑफिसातल्या पोरी विचारतात, मॅडम मला पण वाचायचंय, थोडं अध्यात्माचं आणि थोडं मजेचं, पण एक घेतलं की दुसरं राहतं, काय करू? प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

पहिली शंका असते ती गोंधळ होण्याची. नाही होत. मी सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब बघते, दिवसात पंचवीस-तीस पार्ट्यांची खाती उघडते, एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर पडत नाही, कारण प्रत्येकाचं पान वेगळं असतं. पुस्तकांचं तेच आहे. आणि ही काही आजची फॅशन पण नाही. जुन्या वाचनालयांची वर्गणीच बघा ना, 'एक पुस्तक, एक मासिक' अशी असते, म्हणजे माणूस दोन गोष्टी बरोबरच वाचणार हे त्यांनी धरूनच ठेवलेलं. माझी आजी सकाळी अंघोळ झाली की पोथी वाचायची, दुपारी भांडी आवरून वाचनालयाची कादंबरी, आणि शेंगा फोडताना ज्या कागदात त्या आल्या तो कागद. तिला कुणी विचारलं नाही की गोंधळ होत नाही का म्हणून.

आधी तीन ठरवा, चौथं कपाटात

तीनच का? दोन असली की एक कंटाळवाणं झालं की सगळा भार दुसऱ्यावर येतो, आणि पाच घेतली की कुठलंच पुढे सरकत नाही, नुसती उशाशी चळत दिसते आणि ती बघून अपराधी वाटतं. मी एकदा सात घेतली होती, लॉकडाऊनमधे. एकही संपलं नाही. पाच-सहा महिने तीन जमली की मग वाढवा हवं तर.

तीन कुठली? एक रोजचं, थोडंथोडं वाचायचं, म्हणजे ग्रंथ. एक गोष्टीचं, ओढून नेणारं. आणि एक असं की कुठूनही उघडलं तरी चालेल: ललित लेख, दिवाळी अंक, आपल्या गावाचा इतिहास, पक्षी, स्वयंपाक, काहीही.

एक गोष्ट मात्र नक्की सांभाळा, दोन सारखी पुस्तकं एकावेळी घेऊ नका. मी एकदा दोन ग्रामीण कादंबऱ्या बरोबर लावल्या, दोन्हीत दुष्काळ, दोन्हीत विहीर, दोन्हीत भावाभावांची वाटणी, आणि महिनाभर मला वाटत होतं की थोरल्याने विहिरीत उडी टाकलीय. शेवटी तो जत्रेत लाडू खाताना भेटला, तेव्हा कळलं की उडी मारणारा दुसऱ्या पुस्तकातला.

प्रत्येकाला जागा द्या, मग वेळ आपोआप मिळते

सगळे सांगतात वेळ ठरवा. मी म्हणते आधी जागा ठरवा. 'सकाळी सहाला वाचणार' हे चार दिवस टिकतं, पण देवघराशेजारच्या चौरंगावर पोथी उघडी दिसली की अंघोळ झाल्यावर पाय तिकडे वळतातच. पुस्तक कपाटात गेलं की संपलं. माझी मांडणी अशी आहे: पोथी देवघराजवळ, गोष्टीचं उशाशी, तिसरं मोटरच्या फळीवर, तिथे आता प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी का, ते पुढे येईलच.

तुमच्याकडे पाणी रोज येत असेल तर तुम्ही नशीबवान, तुमची तिसरी जागा दुसरी असेल. डबा भरताना कुकरच्या शिट्ट्या मोजायची दहा मिनिटं असतील, शाळेच्या गेटवर पोराची वाट बघणं असेल. माझ्या एका मैत्रिणीला कामासाठी महिन्यातून दोनदा पुण्याला जावं लागतं, तिचं तिसरं पुस्तक हुतात्मा एक्सप्रेसमधेच उघडतं, घरी ते बॅगेतच पडलेलं असतं. गाडी पहाटेची असल्याने कुर्डुवाडीपर्यंत ती झोपते आणि मग वाचते, तिच्या हिशेबाने दौंडपर्यंत पन्नास पानं.

खूण म्हणून मी रंगीत सूत वापरते. ऑफिसात नमुन्याच्या कोनचे तुकडे उरतात, वीतभर कापून घेतलं की झालं. पोथीला भगवं, गोष्टीला लाल, तिसऱ्याला हिरवं. कार्ड खाली पडतं, पान दुमडलं तर वाचनालयातले काका चष्म्यावरून बघतात, सुताला काहीच होत नाही. शिवाय सूत कुठल्या पानात किती खाली आलंय हे बाजूने दिसतं, त्यामुळे कोण मागे पडलंय ते न उघडताच कळतं.

ग्रंथ कसा वाचायचा, इथे जरा थांबते

नवीन माणूस अडकतो तो इथेच. उत्साहाने ज्ञानेश्वरी आणतो, पहिल्या दिवशी शंभर ओव्या, तिसऱ्या दिवशी तीस, आठवड्याने कापडात गुंडाळून वर. भाषा सातशे वर्षांपूर्वीची आहे हो, ग्रंथ शके १२१२ चा म्हणजे इसवी सन १२९० चा. घाई कशाला?

हिशेब मांडून बघा. अध्याय १८, ओव्या साधारण ९०००. रोज २५ घेतल्या की ३६० दिवस, म्हणजे वर्षात संपूर्ण. २५ ओव्यांना अर्थासकट वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पण अध्याय सारखे नाहीत हे माहीत असू द्या, पाचवा १८० ओव्यांचा आहे, आठवड्यात होतो, आणि अठरावा १८०० च्या पुढे जातो, एकटाच अडीच महिने खातो. तेराव्यातही ११०० च्या वर आहेत. तेव्हा 'महिन्याला एक अध्याय' असा टाईमटेबल केलात तर तेराव्यात घाम फुटणार, म्हणून ओव्या मोजा, अध्याय नको.

एवढंही जड वाटत असेल तर लाज वाटून घेऊ नका. मनाचे श्लोक २०५ आहेत, रोज एक म्हटला तर सात महिन्यांच्या आत होतात. दासबोध २० दशक, प्रत्येकात १० समास, म्हणजे २०० समास, रोज एक. हे आकडे मला फार आवडतात, समर्थांनी जणू नोकरदार माणसाचा विचार करूनच मोजून दिलेत. हरिपाठ तर घरात कुणाला तरी पाठ असतोच, त्यातला एक अभंग घेऊन आठवडाभर त्याच्याशीच बसलं तरी चालतं.

सुरुवात कुठून? माझा सल्ला थोडा उलटा आहे, ज्ञानेश्वरी घेतलीत तर आधी शेवटचं पान उघडा. पसायदान तिथेच आहे, अठराव्या अध्यायाच्या शेवटी, नऊ ओव्या. शाळेत रोज म्हटलेल्या, अर्थ न कळता पाठ झालेल्या. त्या अर्थासकट नऊ दिवस वाचा, एका दिवशी एक. ओळखीच्या ओव्यांमधे जुन्या भाषेची सवय होते, आणि दहाव्या दिवशी पहिल्या अध्यायाकडे वळलात की ते परकं वाटत नाही.

वाचायची पद्धत: सार्थ प्रत घ्या, म्हणजे ओवीखाली आजच्या मराठीत अर्थ असतो. आधी ओवी मोठ्याने, अर्थ कळो न कळो. मग अर्थ, मनात. मग परत ओवी मोठ्याने. हा तिसरा फेरा चुकवू नका, अर्थ लागतो तो त्यात. नुसता गद्य अर्थ वाचत गेलात तर महिनाभराने ते एखाद्या सरकारी परिपत्रकासारखं लागतं, ओवी ही तोंडाने म्हणायची चीज आहे.

आणि दिवस चुकला तर? चुकला. दुसऱ्या दिवशी ५० करू नका. मी पहिल्या वर्षी पाळी, पाहुणे, मार्च एंड, सगळ्याचा बॅकलॉग वहीत लिहून ठेवायचे, एप्रिलमधे ३७५ ओव्या थकबाकी निघाली आणि पोथीकडे बघायची भीती वाटायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "अगं त्याला काय हजेरीपट दाखवायचाय का? जिथं दोरा हाय तिथनं वाच की." तेव्हापासून दोरा जिथे असेल तिथून.

पारायण ही वेगळी गोष्ट, त्याची गल्लत करू नका. आपल्या भागात गुरुचरित्राचा सप्ताह कितीतरी घरांत होतो, गाणगापूर आणि अक्कलकोट दोन्ही जवळ, आणि त्याचे नेम कडक असतात, सात दिवसांत संपवायचंच असतं. तुमच्या घरी पारायण असेल तर त्या सात दिवसांत बाकीची दोन पुस्तकं सरळ मिटून ठेवा. पारायणाला नेम महत्त्वाचा, रोजच्या वाचनाला सवय.

गोष्टीचं पुस्तक वाचताना पाप लागत नाही

हे मला लिहावं लागतंय, कारण दोघी-तिघींनी विचारलंय. ग्रंथ लावलाय म्हटल्यावर रहस्यकथा वाचली तर चालेल का? चालेल हो! सकाळी ओवी आणि रात्री खून, दोन्ही एकाच डोक्यात सुखाने राहतात. मजेच्या पुस्तकाला नियम एकच, ते मजेचं हवं. पन्नास पानांत ओढ लागली नाही तर परत करा, भिडेखातर वाचू नका. कुणीतरी पुरस्कारप्राप्त म्हणून दिलेलं, अर्ध्यात रुतलेलं पुस्तक उशाशी असलं की माणूस हळूहळू फोन घेऊन झोपायला लागतो.

ग्रंथाला मात्र हा पन्नास पानांचा नियम लावू नका. तो कंटाळवाणा झाला तर सोडायचा नाही, कमी करायचा. पंचवीसच्या पाच ओव्या करा. माझ्या तेराव्या अध्यायात दीड महिना पाच-पाचच चालल्या होत्या.

दोन पुस्तकं एकमेकांना भेटतात तेव्हा

एकावेळी अनेक वाचण्याची खरी गंमत इथे आहे, बाकी सगळी व्यवस्था झाली. मागच्या वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला माझा सोळावा अध्याय लागला होता. दैवी संपत्तीचा तो अध्याय, आणि गुणांची जी यादी आहे त्यात पहिला गुण कुठला, तर अभय. सत्य, दया, शांती सगळं नंतर. मला ते खटकलं, वाटलं एवढं काय, भीती न वाटणं हा काय देवाघरचा गुण झाला का, पैलवानाला पण वाटत नाही भीती. दोन-तीन दिवस तिथेच घुटमळत होते.

त्याच आठवड्यात मोटरच्या फळीवर सोलापुरात इंग्रजांनी १९३० ला लावलेल्या मार्शल लॉचा इतिहास होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, ही चार नावं आपण शाळेपासून एका दमात म्हणतो. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. रात्री साडेअकराला, टाकीत पाणी पडत असताना, मी ते पान वाचलं. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. आणि दुसऱ्या दिवशी स्कूटी घेऊन या चौघांच्या पुतळ्यांजवळून गेले तर १२ तारीखच होती, हार घातलेले, खाली गड्डा यात्रेच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीतल्या जत्रेच्या, गर्दीची सुरुवात, कुणीतरी पुतळ्याच्या कठड्याला टेकून फुगे विकत होतं. सिग्नलला थांबले आणि सकाळची ओवी आठवली. पैलवानाला भीती वाटत नाही कारण त्याला आपण जिंकणार हे माहीत असतं. हे चौघं हरणार हे माहीत असून उभे होते. अभय पहिला का, ते मला कुठल्या टीकेत सापडलं नसतं. मागच्याने हॉर्न मारला तेव्हा सिग्नल सुटल्याचं कळलं.

एकच पुस्तक वाचत असते तर हे झालं नसतं. आणि ठरवून जोड्या लावल्या तरी होत नाही म्हणा, पण शक्यता वाढवता येते. आपण सोलापूर जिल्ह्यातले, आपल्याला तर आयतंच आहे. चोखोबा मंगळवेढ्याचे, कान्होपात्रा मंगळवेढ्याची, दामाजीपंत तिथलेच, आणि त्याच्याही आधी बसवेश्वर तिथे होते. चोखोबांचे अभंग सकाळी लावले तर तिसरं पुस्तक त्या भागाच्या इतिहासाचं घ्या, मधे एखाद्या रविवारी एसटीने जाऊन या, आणि पंढरपुरात नामदेव पायरीजवळ चोखोबांच्या समाधीपाशी दोन मिनिटं थांबा. दाराबाहेर आहे ती. अभंग वेगळा ऐकू येतो.

सिद्धरामेश्वरांची वचनं हे पण लक्षात ठेवा, बाराव्या शतकातली, मुळात कन्नड. ज्याने हे गाव आणि तलाव उभारला असं आपण मानतो त्याचं लिहिलेलं आपण वाचतच नाही, नुसते नंदीध्वज बघायला गर्दी करतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आक्का ती कन्नडमधून वाचतात. कधी जिन्यात भेटल्या की एखादं वचन म्हणून मराठीत अर्थ सांगतात, तीन-चार ओळींचं असतं, आणि मी ते हिरव्या दोऱ्याच्या पुस्तकात मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून घेते, अर्थात पुस्तक माझं असेल तरच.

वही

छोटी ठेवा, पोराच्या शाळेची उरलेली चालते. तारीख, कुठलं पुस्तक, एक ओळ. सारांश लिहू नका, त्याने वाचन म्हणजे होमवर्क होतं. जे टोचलं किंवा आवडलं तेवढंच. माझ्या त्या दिवसाच्या पानावर फक्त 'अभय पहिला, कारण हरताना' एवढंच आहे.

पुस्तकं आणायची कुठून

आधी विकत घेऊ नका. गावात हिराचंद नेमचंदसारखं जुनं वाचनालय आहे, तुमच्या पेठेतही एखादं असेल, गोष्टीचं आणि तिसरं पुस्तक तिथूनच आणा. परत करायची तारीख असली की वाचून पण होतं. ग्रंथ मात्र स्वतःचा हवा, त्याला हळदीचे डाग पडायला हवेत. गीताप्रेसच्या प्रती स्वस्त असतात, पंढरपुरात देवळाच्या आजूबाजूच्या दुकानांत सार्थ प्रती सगळ्या आकारात मिळतात. घेताना एकच बघा, अक्षर मोठं आहे का. चाळिशीनंतर बारीक टाईपाची पोथी कुणी वाचत नाही, नुसती पूजतात. दिवाळी अंक दिवाळीला घेऊ नका, संक्रांतीपर्यंत दम धरा, निम्म्या किमतीत येतात. आणि फोनवर वाचायचंच असेल तर मराठी विकिस्रोतावर ज्ञानेश्वरी, दासबोध फुकट आहेत, मला मात्र फोनवर ओवी वाचताना मधेच कुणाचा तरी गुड मॉर्निंग येतो.

आता ती पिशवीची गोष्ट. वाचनालयाचं पुस्तक होतं, प्रवासवर्णन, बाहेर कुठे मिळत नाही असं. रात्रीचे पावणेबारा, पाणी जोरात आलेलं, मी एका हातात पुस्तक आणि एका हातात पाईप धरून हौदाच्या काठावर बसले, डुलकी लागली, आणि पाईपाऐवजी पुस्तक हौदात. पाईप हातातच. काढून दोन चादरींमधे दाबलं, पंख्याखाली चार दिवस वाळवलं, तरी ते पापडासारखं फुललं ते फुललंच. वाचनालयात घेऊन गेले तर काकांनी पानं चाळून शांतपणे विचारलं, "वाचून तरी झालं का?" नाही म्हटलं, बत्तीस पानं राहिलीत. दंड भरून घेतला आणि पुस्तक मला परत दिलं, आधी संपवा म्हणाले. तेव्हापासून पिशवी, आणि पाण्याच्या दिवशी वाचनालयाचं पुस्तक बाहेर काढत नाही, आपलंच.

कधी सुरू करू

श्रावणात, आषाढी एकादशीला, गुरुपौर्णिमेला असा मुहूर्त धरायला हरकत नाही, चातुर्मासात घरात तसंही वातावरण असतं. मे महिन्यात मात्र नको. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत कूलरसमोर बसून गोष्टीचं पुस्तक होईल, दुपारी झोप येईपर्यंत, पण नवीन ग्रंथाचा नेम उन्हाळ्यात धरलेला मी तरी कुणाचा टिकलेला पाहिला नाही. आणि मुहूर्त लांब असेल तर थांबू पण नका, पसायदानाची पहिली ओवी उद्या सकाळी होते.

पहिला महिना फक्त एवढंच बघा की तिन्ही दोरे हलतायत का. भगवा रोज थोडा, लाल वेगाने, हिरवा जेव्हा पाणी येईल तेव्हा. माझा लाल सध्या अडकलाय, पन्नास पानांची मुदत आज रात्री संपते, अठ्ठेचाळीसवर आहे आणि अजून कुणी मेलेलं नाही. दोन पानं बघते आणि उद्या बदलून आणते.